आरशासमोर येतंय, माणसासमोर जातंय: इंग्रजी उच्चाराचं 'ये रे माझ्या मागल्या' कसं थांबवायचं

वैजापूर इंग्रजीत लिहिताना व्ही काढायचा आणि वाळूज लिहिताना डब्ल्यू. दोन्ही एकाच जिल्ह्यातले, दोन्हीतला 'व' आपल्या तोंडात सारखाच, मग तिकडं दोन अक्षरं कामून, हे मला बारावीपर्यंत कुणी सांगितलं नाही आणि खरं सांगायचं तर मीही कधी विचारलं नाही. पुढं पुण्यात परदेशातल्या लोकांशी फोनवर बोलायची नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात तिकडच्या एका बाईनं माझ्याकडून 'व्हॅलिड' हा शब्द तीनदा म्हणून घेतला, चौथ्यांदा म्हणाली स्पेलिंग सांग. आता स्पेलिंगमधलं पहिलंच अक्षर व्ही, मी ते म्हणायलो आणि तिला ऐकू यायलंय 'वी', म्हणजे आम्ही. बाई विचारती, आम्ही म्हणजे कोण? शेजारचा पोरगा टेबलावर डोकं ठेवून हसायला.

ती नोकरी सोडून गावाकडं येऊन आता बरीच वर्षं झाली, संध्याकाळी आठ-दहा लेकरांना इंग्रजी बोलायला शिकवतो आणि सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार आजही हीच. दिवाळीत भाची आली होती, परभणीला शिकती, कॉलेजात कंपन्या मुलाखतीला येणार म्हणून तिनं दोन महिने मोबाइलवर व्हिडिओ बघून सराव केलेला. मला म्हणाली, मामा, आरशासमोर येतंय पण माणसासमोर जातंय. मी म्हणलं, म्हणून दाखव. व्हॅन, व्हेस्ट, व्हिलेज, सगळं खणखणीत, दात ओठावर टेकलेला दिसायलाय. मग म्हणलं आता तुझी ओळख करून दे बरं. पहिल्याच वाक्यात व्हिलेजचं विलेज झालं, तिसऱ्यात 'आय हॅव'चा 'आय हॅउ' झाला, आणि गंमत म्हणजे तिचं तिलाच कळालं नाही. मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं ते ऐकवलं तेव्हा डोक्याला हात लावून बसली.

तर सुटा शब्द बरोबर येतो आणि वाक्यात परत मूळ पदावर, ही अडचण ज्यांना आहे त्यांच्यासाठीच हे लिहायलो. ज्यांना सुटा शब्दही येत नाही त्यांनी पण वाचा, पुढं त्याचंही आहे.

आपण सगळे जिभेला दोष देतो. मराठवाड्याची जीभच जड, आमच्याच्यानं होत नाही वगैरे. माझ्या मते जीभ ही चौथ्या नंबरची आरोपी. पहिला आरोपी कान, दुसरा वही, तिसरा स्पीड.

कानाची तपासणी दहा मिनिटात होती. डिक्शनरीच्या ॲपमध्ये शब्दापुढं स्पीकरचं चित्र असतं ना, ते घ्या. दोन शब्द निवडा, एक व्ही-ई-टी म्हणजे जनावराचा डॉक्टर आणि दुसरा डब्ल्यू-ई-टी म्हणजे ओला. घरातल्या कुणालाही, अगदी पाचवीतल्या लेकराला सांगा, की यातला कोणताही एक दाब, मला दाखवू नको, असं दहा वेळा कर. तुम्ही त्याच्याकडं पाठ फिरवून बसा आणि कागदावर डॉक्टर का ओला ते लिहा. भाचीला दहापैकी सहा आले. सहा म्हणजे नाणं उडवून पण आले असते. म्हणजे दोन महिने ती जो आवाज काढायची प्रॅक्टिस करायली होती तो तिला ऐकूच येत नव्हता, मग वाक्यात चुकला तर कान सांगणार कसा? दहापैकी नऊ यायला लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही असा मी नियम केला, तिला सहा दिवस लागले, तेही जेवणाआधी पाच मिनिटं आणि झोपायच्या आधी पाच मिनिटं एवढंच. व्ही-आय-एन-ई वेल आणि डब्ल्यू-आय-एन-ई दारू ही जोडी पण भारी आहे, आज्जी ऐकत असली तर जरा सांभाळून.

आता वही. हा माझा लाडका विषय, कारण खरा चोर इथं आहे असं माझं ठाम मत आहे. भाचीची वही बघितली तर सगळे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून घेतलेले. आपण व्हीसाठी काय लिहितो? व्हॅन, व्हिडिओ, ड्रायव्हर, म्हणजे 'व्ह'. बरं मग 'व्हॉट', 'व्हेन', 'व्हाय' यातही 'व्ह'च की, आणि ते तर डब्ल्यूचे शब्द! तिथं आपण स्पेलिंगमधला एच बघून ह जोडला, पण आजच्या बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडात त्या एचचा आवाजच नाही, नुसता डब्ल्यू आहे. व्हॉट्सॲपचा व्ह आणि व्हिडिओचा व्ह लिहायला एक, तिकडं बोलायला दोन. वरून 'सर्विस' कुणी व लिहितंय कुणी व्ह लिहितंय. म्हणजे वहीत ज्या फरकाला जागाच नाही तो तोंडात टिकणार कसा? आणि आपला 'व्ह' हा धड व्ही पण नाही, तो आपलाच व आहे, थोडा ह मिसळलेला. दात कुठं लागतोय त्यात?

त्यामुळं उच्चाराच्या वहीत देवनागरी बंद. मी लेकरांना एक खूण करायला लावतो, व्हीच्या खाली एक छोटी आडवी रेघ, म्हणजे दात. डब्ल्यूच्या खाली एक गोल, म्हणजे ओठ. मुलाखतीचं उत्तर लिहिलं की त्यात फक्त रेघा आणि गोल करत जायचं. आता इथं मलाच सगळं देवनागरीत लिहावं लागायलंय ही माझी पंचाईत तुम्ही समजून घ्या, म्हणूनच मी दरवेळी अक्षराचं नाव सांगायलो.

आवाज काढायचा कसा ते आता. व्हीसाठी आधी 'फ' काढा, पण फळातला ओठ मिटून काढतात तो नाही, वरचे दात खालच्या ओठावर ठेवून हवा सोडायची तो, फ्फ्फ्फ असा लांब चालू राहणारा. हवा चालू असतानाच गळ्यावर बोटं ठेवा आणि आवाज सुरू करा, तोंडातलं काहीच हलवायचं नाही. गळा थरथरला की झाला व्ही. ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत, नाही झाल्या तर दात टेकलेले नाहीत. डब्ल्यूला दाताचं कामच नाही, 'ऊ' म्हणा, चहावर फुंकर मारतो तसा ओठांचा चंबू, आणि तिथून पुढं सरका: ऊ-एट, ऊ-एस्ट, ऊ-ई. हळूहळू ऊ आखूड करत न्यायचा. इथून पुढं आमच्या लेकरांचा बहुतेक डब्ल्यू बिघडतो, कारण एकदा व्ही शिकला की पोरं सगळीकडंच दात लावत सुटतात, वॉटरचं पण व्हॉटर आणि वूमनचं व्हूमन. तो पण आजारच आहे, पहिल्यापेक्षा वाईट.

पारखायला एकच शब्द पुरे: बाराला इंग्रजीत काय म्हणतात तो. ट्वेल्व्ह. त्यात टी नंतर डब्ल्यू आहे आणि शेवटी व्ही, म्हणजे आधी चंबू मग दात. हा आरशात हळू म्हणून बघा, ओठ दोनदा वेगवेगळे हलले पाहिजेत. लाटेला जो शब्द आहे तोही तसाच, डब्ल्यू-ए-व्ही-ई. आणि 'व्हेरी वेल' तर रोजचंच, दात मग लगेच चंबू.

मग स्पीड. आरशासमोर सगळं लक्ष ओठावर असतं. माणसासमोर लक्ष जातं उत्तरावर, समोरच्याच्या चेहऱ्यावर, आपला शर्ट इनमध्ये आहे का यावर, आणि तोंडाला मोकळं सोडलं की ते वीस वर्षांच्या सवयीकडं पळतं, बैल कसा संध्याकाळी न हाकता गोठ्याकडं जातो तसं. सुट्या शब्दावरून एकदम भाषणावर उडी मारली की हे होणारच. मधल्या पायऱ्या टाकायच्या: शब्द, मग दोन-तीन शब्दांचा तुकडा, मग एक पाठ वाक्य, मग तेच वाक्य दुसरं काम करता करता. ही शेवटची पायरी सगळे गाळतात. भाचीला मी पोळ्या लाटता लाटता 'आय लिव्ह इन अ व्हिलेज' म्हणायला लावलं, मग भांडे घासताना, मग बहीण मधूनच मराठीत काहीतरी विचारायची आणि हिनं मराठीत उत्तर देऊन लगेच परत इंग्रजी वाक्य पूर्ण करायचं. ते जमलं की मुलाखतीत टिकतं. नाहीच टिकलं तर एक पायरी खाली यायचं, पार शून्यावर जायचं नाही.

वाक्यंही स्वतःची घ्या. व्हिडिओमधल्या त्या जिभेला गाठ मारणाऱ्या ओळी दहा वेळा म्हणून काय करणार, त्या आयुष्यात परत कधी बोलणार नाहीत. तुमच्या तोंडात रोज येणारे व्ही-डब्ल्यूचे पंधरा-वीस शब्द काढा: व्हिलेज, युनिव्हर्सिटी, इंटरव्ह्यू, अव्हेलेबल, हॅव, गिव्ह, फाइव्ह, वर्क, वीक, वॉन्ट, अवे. एवढे पक्के झाले की अर्ध्याहून जास्त काम झालं. आणि एका वेळी एकच आवाज, किमान दोन आठवडे. एकदम चार आवाज धरले की एकही हाताला लागत नाही.

मोबाइलच्या माइकनं टाइप करून तपासायची आयडिया बरेच जण सांगतात. चांगली आहे पण दोन गोम आहेत. पूर्ण वाक्य बोललात तर मोबाइल अंदाजानं बरोबर शब्द टाकतो, मग तुम्हाला वाटतं आपण जिंकलो, म्हणून सुटा शब्द बोलून तपासा. दुसरं, भाषा भारतीय इंग्रजी ठेवली असेल तर ती आपल्या बोलण्याला सरावलेली असती, तपासणीपुरती ब्रिटिश किंवा अमेरिकन करून बघा, तिथं खरं तोंड दिसतं.

झेडचं पण याच माळेतलं आहे पण इथं आपल्या भागाला एक फायदा आहे तो कुणी वापरत नाही. झेड म्हणजे झ नाही. झेरॉक्स, झिप, झूम लिहून लिहून आपण झू म्हणतो, झिरो म्हणतो, त्यात ह घुसतो. हवा असलेला आवाज म्हणजे नुक्तावाला, खाली टिंब देतात तो ज़, उर्दू बाज़ारमधला. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, सरकारी कारभार उर्दूत, त्यामुळं आमचे आजोबा उर्दूत चौथी शिकलेले. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं पण 'ज़मीन', 'मर्ज़ी', 'ज़रा' असं म्हणायचे की माझ्या ट्रेनिंगमधल्या बाईंनी ऐकलं असतं तर फुल मार्क दिले असते. घरात असं कुणी म्हातारं असलं, किंवा शेजारी उर्दू-दखनी बोलणारे असले, तर त्यांच्याजवळ बसा, फुकटचा मास्तर आहे. नसेल कुणी तर सापासारखा स्स्स्स काढा आणि मधेच गळा चालू करा, कानात बोटं घातली तर डोक्यात भुंगा फिरल्यासारखं ऐकू येतं. तोच ज़.

आणि हे अवघड आहे असं म्हणू नका, कारण 'सगळं जग फिरून आलो' आणि 'पाण्याचा जग भरून आण' यातले दोन जग तुम्ही वेगळेच म्हणता, लिहायला एकच असून. माझा आणि माझी यातला झ पण वेगळा. म्हणजे एका अक्षराचे दोन आवाज ठेवायची सवय आपल्या तोंडाला आधीपासून आहे, आईनं लावलेली, आता तिसरा ठेवायचाय एवढंच. जग फिरण्यातला ज घ्या, त्यात सुरुवातीला जीभ टेकून जो अडथळा होतो तो काढून टाका, राहिलं ते झेडच्या अगदी जवळ आहे.

इस्कूल, इस्टेशन, इस्टूल. याला लोक हसतात म्हणून पोरं लाजून स्कूल शब्दच टाळतात, सगळीकडं कॉलेज कॉलेज करतात. उपाय सोपा आहे, आधी 'बस' म्हणा आणि त्यातला स सोडूच नका, बस्स्स्स-कूल. मग ब चा आवाज मनातल्या मनात, स्स्स्स-कूल. मग स आखूड. चार दिवसात इ पळून जाती. फक्त वाक्याच्या सुरुवातीला हा शब्द आला की ती परत येती, तेव्हा आधी श्वास नीट घ्यायचा आणि स पासूनच सुरू करायचं.

खेड्यातल्या लेकरांचं शाळाचं साळा होतं, त्यांचं 'शी'चं 'सी' होतं, म्हणजे 'ती'चा समुद्र होतो. त्यांना रागावू नका, आपली मराठीच स आणि श मध्ये ये-जा करती, पैसा म्हणतो पण पैशाला म्हणतो, घसा पण घशात. त्यांना 'पैसा-पैशाला' म्हणायला लावून दोन्हीत जीभ कुठं जाती ते त्यांचं त्यांनाच शोधू द्या. श ला जीभ मागं सरकती आणि ओठ किंचित पुढं येतात. मग त्याच श ला गळा चालू केला की टेलिव्हिजन, मेजर (मोजणं या अर्थाचा), युज्वली यातला आवाज मिळतो, तो आपल्याकडं कुणालाच येत नाही, मलाही नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात आला.

एक गोष्ट मात्र फार कमी लोक शिकवतात आणि फोनवर तिचाच मार बसतो. आपला प, ट, क कोरडा असतो. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला ही अक्षरं आली की सोबत हवेचा झोत येतो. आपण पार्क म्हणलं की तिकडच्या कानाला बार्क म्हणजे कुत्रं भुंकल्यासारखं ऐकू येऊ शकतं, पिनचं बिन होतं. एसटीचं ते मशीनमधून निघतं ना पातळ तिकीट, ते तोंडापुढं दोन बोटात लटकत धरा आणि 'पिन' म्हणा. तिकीट उडालं पाहिजे. आता 'स्पिन' म्हणा, उडायला नको, स नंतर आला की झोत नसतो, तिथं आपला मराठी प अगदी बरोबर. मी हे परभणी-जिंतूर गाडीत पोरांना करून दाखवत होतो तर कंडक्टर म्हणाला, सर, तिकीट खिशात ठेवा, चेकिंग आली तर मी काय सांगू. टी ला आणखी एक, जीभ ट सारखी मागं वळवायची नाही आणि त सारखी दातालाही लावायची नाही, दाताच्या वर हिरडीचा जो उंचवटा लागतो तिथं टेकवायची.

टीएचचं काय, असं सगळ्यात आधी विचारतात. सगळ्या व्हिडिओत तेच असतं, जीभ दातात धरा, जीभ दातात धरा. धरा, वाईट काही नाही, जीभ दातांच्या मधे हलकी आणि हवा चालू, आपला थ धरून ठेवता येत नाही पण हा पाच सेकंद लांबवता येतो, एवढीच परीक्षा. पण वेळ कमी असेल तर हा आवाज शेवटी ठेवा. वेगवेगळ्या देशातले लोक एकमेकांशी इंग्रजी बोलतात तेव्हा कशामुळं अडतं याचा अभ्यास जेनिफर जेनकिन्स या भाषातज्ज्ञ बाईंनी केला, 2000 साली त्यांनी जी यादी मांडली त्यात टीएच आवश्यक धरलेला नाही, आणि सुरुवातीच्या प-ट-क चा झोत मात्र धरलाय. माझा अनुभवही तोच. 'थँक यू' आपल्या थ नं म्हणल्यावर फोनवर मला कुणी परत विचारलं नाही, व्ही-डब्ल्यूवर मात्र रोज विचारलं.

फोनवर काम करणाऱ्यांसाठी जाता जाता एक, सगळी चूक तोंडाची नसती. जुन्या पद्धतीच्या फोन लाइनवर साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जातो आणि स ची खरी सळसळ त्याच्या वरच असती, म्हणून एस आणि एफ तिकडं सारखेच ऐकू येतात, गोऱ्याचे गोऱ्याला पण. म्हणून तर फोनवर स्पेलिंग सांगताना एसला सिएरा, एफला फॉक्सट्रॉट, व्हीला व्हिक्टर, डब्ल्यूला व्हिस्की असे शब्द वापरतात. नाव-आडनाव सांगताना बिनधास्त वापरा. त्यात व्हिक्टरला दात, व्हिस्कीला चंबू, देवनागरीत दोन्ही व्ह, बघा परत आलंच ते.

भाचीची मुलाखत झाली. व्हिलेज बरोबर गेलं म्हणाली, युनिव्हर्सिटी गेलं, ट्वेल्व्ह तर तिनं मुद्दाम दोनदा वापरलं. अडली ती कपड्यांवर, 'क्लोद्स'. टीएच आणि त्याला चिकटून एस, जीभ दातात अडकून बसली म्हणे. तिला सांगितलं तेच तुम्हाला, हा शब्द कित्येक इंग्रज पण रोजच्या बोलण्यात 'क्लोज़' असाच म्हणतात, दार बंद कर म्हणताना म्हणतो तसा. टीएच गाळला तर चालतंय, फक्त शेवटी आजोबांचा ज़ पाहिजे.